डोक्याला मुका मार : रोजच्या कामांत माणूस किती सावरला, हे मोजायचं कसं?

अंबाझरीकर (धागाकर्ता)

दुचाकी घसरली, लेदर बॉल कानशिलाला लागला, मोरीत पाय सरकला. डोक्याला मुका मार बसला, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'कन्कशन'. सिटी स्कॅन नॉर्मल. दोन दिवसांनी माणूस घरात हिंडूफिरू लागतो आणि "बरं आहे नं आता?" याला "हो" म्हणून मोकळा होतो. पंधरा दिवसांनी गल्ल्यावरचा हिशेब चुकायला लागतो, दोघं एकदम बोलले की डोकं भणभणतं, संध्याकाळी सहानंतर कोणी समोर नको वाटतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाडाची चीर दिसते. मेंदूच्या कामकाजात झालेला तात्पुरता बिघाड त्यात दिसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसत्या लक्षणांच्या यादीवर विसंबू नये. ज्याने बाहेर जाणं, वाचणं, गाडी चालवणं सगळंच सोडलं, त्याचं डोकं दुखणारच नाही. यादीत शून्य येईल, आणि माणूस मात्र खोलीत बसलेला. म्हणून काम मोजायला हवं. पण कोणती कामं? किती दिवसांनी? आणि 'आधी कसा होता' हा आकडा आणायचा कुठून? कामाची माहिती असणाऱ्यांनी लिहावं.

एक सूचना. हा धागा पहिल्या दोन दिवसांसाठी नाही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड, झटका, हातापायात अशक्तपणा, बोलणं अडखळणं, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांतलं काही दिसलं तर मोजत बसू नका. नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षणं नसली तरी दाखवा.

तर्रीबाज

काहून एवढं डोकं लावून राहिले भौ? नागपुरात चाचणी तयारच आहे. सकाळी साडेआठला ठेल्यावर उभं राहून तर्री-पोहे खा, चौघांची ऑर्डर ध्यानात ठेवून सांगा, मागून बुलेटवाला फटफट करत गेला तरी प्लेट सांडू नका, अन् शेवटी सुट्टे बरोबर मोजून घ्या. पास झाले तं बरे झाले.

फिजिओ_सक्करदरा

तर्रीबाज, तुमच्या विनोदात दम आहे. उभं राहणं, गोंगाट, लक्षात ठेवणं, पैशाचा हिशेब, सगळं एका वेळी. दवाखान्यातल्या शांत खोलीत यातलं काहीच तपासलं जात नाही.

धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नासाठी 'पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल' वापरा. १९९५ पासूनचं साधन आहे, कागद-पेन पुरतं. मार लागल्यापासून जड जाणारी तीन ते पाच कामं त्या माणसाने स्वतः निवडायची आणि प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे. ० म्हणजे जमतच नाही, १० म्हणजे मार लागण्याआधी जमायचं तसं. सरासरी काढायची. सरासरीत निदान २ गुणांचा आणि एकट्या कामात निदान ३ गुणांचा फरक पडला तरच तो खरा धरा. त्याखालचा फरक हा त्या दिवसाच्या मूडचा असू शकतो.

घोळ होतो तो काम निवडताना. 'स्वयंपाक' लिहू नका. 'चार माणसांचा स्वयंपाक, दोन्ही बर्नर चालू ठेवून, मधे न बसता' असं लिहा. 'वाचन' नको, 'पेपर सलग २० मिनिटं' लिहा. काम आठवड्यातून तीन-चारदा तरी होणारं हवं. वर्षातून एकदा होणारी मारबतची मिरवणूक निवडली तर मोजणार कधी? आणि एकदा ठरलेली कामं मधे बदलायची नाहीत. माणूस सुधारला की जुनं काम सोपं वाटतं, आणखी अवघड काम घालावंसं वाटतं, आणि कागदावर गुण मात्र घसरलेले दिसतात. नवीन काम हवंच असेल तर खाली वेगळी ओळ करा, जुन्या सरासरीत मिसळू नका.

बर्डीची_मैना

वाचनखूण साठवली.

आकडेमोड

साधनं चांगली आहेत, पण गुण देण्याच्या पद्धतीतच लोक मार खातात. दोन ठिकाणं दाखवतो.

रिव्हरमीडची लक्षणांची प्रश्नावली सगळ्यात जास्त वापरली जाते. १६ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ४, गेल्या २४ तासांबद्दल, मार लागण्याआधीच्या तुलनेत. यात १ म्हणजे 'आहे, पण आधीही एवढंच होतं'. बेरीज करताना हे १ धरायचेच नाहीत. बऱ्याच ठिकाणी सरसकट बेरीज करतात आणि ज्याला जन्मभर चष्म्याचा आणि झोपेचा त्रास आहे तो फुकटात आजारी ठरतो. डोकेदुखी, गरगरणं आणि मळमळ या पहिल्या तीन लक्षणांची बेरीज वेगळी आणि उरलेल्या १३ ची वेगळी ठेवतात. एकच मोठा आकडा करून फारसं काही कळत नाही.

रिव्हरमीडचीच दुसरी, १० प्रश्नांची पाठपुरावा प्रश्नावली धागाकर्त्याच्या कामाची आहे. एका माणसाशी बोलणं, दोन-तीन माणसांत बोलणं, घरकाम, कामाचा पूर्वीचा भार पेलणं, कामाने येणारा थकवा, मित्र, जोडीदार, घरच्यांच्या मागण्या असे प्रश्न आहेत. हीसुद्धा ० ते ४. पण इथे १ चा अर्थ उलट फिरतो : 'बदल नाही, पण जास्त जड जातं'. हा १ बेरजेत धरायचा. दोन्ही कागद एकाच फाईलला टाचलेले असतात आणि भरणारा एकच नियम दोन्हीकडे लावतो.

माणूस एकंदर किती सावरला ते सांगणाऱ्या ग्लासगो आउटकम स्केलची वाढीव आवृत्ती मोठ्या दुखापतींसाठी उत्तम आहे. ८ पायऱ्या, वरच्या दोन 'चांगली सुधारणा'. मुका मार लागलेले बहुतेक जण थेट त्या वरच्या दोनांत जाऊन बसतात. छत इतकं खाली की सगळ्यांची डोकी टेकतात, मग कोण उंच ते कळणार कसं?

वैतागवाडी

मला हा सगळा खटाटोपच घातक वाटतो. माणसाला रोज विचारा, "डोकं दुखतं का? विसरायला होतं का? चिडचिड होते का?" ठणठणीत माणूसही आठवड्यात लक्षणं शोधायला लागेल. थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड कोणाला नाही? मे महिन्यात अख्खं नागपूर या यादीत बसेल. बहुतेक जण दोन-चार आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्यांना वही कशाला?

आकडेमोड

वैतागवाडी, अर्धं मान्य. अपेक्षेचा परिणाम खरा आहे. दुसरी बाजूही आहे : मार लागल्यावर माणूस आपला पूर्वीचा काळ आहे त्यापेक्षा चांगला आठवतो. 'आधी मी कधी काही विसरत नव्हतो' म्हणणाऱ्याच्या बायकोला विचारा. या चुकीला अभ्यासकांनी 'गुड ओल्ड डेज' असंच नाव दिलंय. म्हणून आठवणीतला 'आधी' घेऊ नका, नोंदींतला घ्या. फोनमधली मागच्या महिन्यांची रोजची पावलं, यूपीआयचे व्यवहार (आठवड्यातून किती वेळा बाजार, कुठे कुठे), दुकानाच्या पावत्या, घरखर्चाची वही, हजेरी, पोरांच्या वर्गवह्या. ही माहिती मार लागण्याआधी जमा झालेली असते, कोणाच्या मतावर ती हलत नाही. धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न बराचसा इथे सुटतो.

व्यवसायोपचार_ताई

वैतागवाडींचा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीवर लागू होतो, मोजण्यावर नाही. लक्षणांची प्रश्नावली आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. (सकाळचा आणि रात्रीचा आकडा एकमेकांशी ताडायचाच नाही, रात्री सगळेच थकलेले असतात.) रोजच्या वहीत फक्त केलेलं काम लिहायचं. 'आज डोकं दुखलं' हे वाक्य वहीत नको. 'भाजी निवडली, २५ मिनिटं, एकदा थांबले' हे हवं.

प्रत्येक कामाला तीन आकडे जोडा. काम सुरू केल्यापासून त्रास वाढायला किती मिनिटं लागली, ० ते १० च्या पट्टीवर किती वाढला, आणि काम थांबवल्यावर मूळ जागी यायला किती वेळ गेला. तिसरा आकडा सगळ्यात बोलका आहे आणि तोच कोणी लिहीत नाही. २०२२ च्या ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सहमतीत व्यायामाबद्दल जे म्हटलंय ते घरकामालाही लावता येतं : त्रास २ पेक्षा जास्त गुणांनी वाढू नये आणि तासाभराच्या आत उतरावा. एवढा वाढला तर चालतं, काम बंद करायची गरज नाही. याहून जास्त वाढला किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळला, तर पुढच्या वेळी तेच काम थोडं छोटं करा. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला आता कोणी देत नाही. एक-दोन दिवस हलका आराम, स्क्रीन कमी, मग हळूहळू चालू.

स्वयंपाकाचं उदाहरण घेते, कारण त्यात सगळं येतं. वरण-भात, एक भाजी, पोळ्या. निरीक्षण करणाऱ्याने ओट्यापासून लांब बसायचं, मधे बोलायचं नाही. चार गोष्टींच्या रेघा ओढायच्या : पायरी राहिली (मीठ, हळद), क्रम चुकला (फोडणीआधीच भाजी), कोणीतरी आठवण द्यावी लागली, थांबून बसावं लागलं. गॅस चालू राहिला तर त्याची रेघ वेगळी, आणि ती एक जरी असली तरी एकटीने स्वयंपाक तूर्त नाही. एकूण वेळही लिहा, पण वेळेला फार भाव देऊ नका. सावरणारा माणूस सुरुवातीला मुद्दाम सावकाश करतो, आणि ते चांगलं लक्षण आहे. वेळ तीच पण रेघा कमी, हीसुद्धा सुधारणाच.

घरच्यांची एक खोड : मदत करतात आणि लिहीत नाहीत. "अगं, शिट्ट्या तीन झाल्या" एवढं सांगितलं की आठवण दिली गेली. रेघ ओढा.

इतवारीवाला

ताई, दुकानदार माणसाला स्वयंपाकाचा काय उपयोग? आमच्याकडे गिऱ्हाईक, फोन अन् हमाल तिघं एकदम बोलतात.

व्यवसायोपचार_ताई

त्यासाठी बाजाराची चाचणी आहे. शॅलिस आणि बर्जेस यांनी १९९१ मध्ये 'मल्टिपल एरंड्स टेस्ट' मांडली : खऱ्या बाजारात पाठवायचं, छोटी छोटी कामं द्यायची, नियम घालायचे आणि चुका मोजायच्या. इथल्यासाठी असं करता येईल. बर्डीच्या किंवा इतवारीच्या बाजारात, सोबत एक माणूस दहा पावलं मागे. तीन वस्तू आणायच्या, एका दुकानात फक्त भाव विचारायचा, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर यायचं. नियम : ३०० रुपयांच्या आत, एका दुकानात दुसऱ्यांदा जायचं नाही, मागच्या माणसाला विचारायचं नाही. मोजायचं काय, तर राहिलेलं काम, मोडलेला नियम, वाया गेलेली फेरी. जे घरातल्या कोड्यांत पैकीच्या पैकी मिळवतात ते इथे नियम मोडतात, कारण इथे क्रम स्वतःच ठरवावा लागतो. दर वेळी वस्तू आणि गल्ली बदला, नाहीतर माणूस पाठांतराने सुधारलेला दिसेल.

दुकानासाठी आणखी एक. आधी एकट्याने शांतपणे दहा बिलांची बेरीज, मग शेजारी कोणीतरी बोलत असताना दुसरी दहा. दोन्हींतल्या चुकांचा आणि वेळेचा फरक लिहा. फक्त पहिली बेरीज तपासली तर 'सगळं ठीक' येतं. फरक जितका कमी होत जाईल तितकं गल्ल्यावर बसणं जवळ आलं.

खसची_ताटी

ऋतूचा विचार कोणीच केला नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर असतो. दुपारी बाराला चालायला गेलेल्याची नाडी नुसत्या उन्हाने वाढते, पाणी कमी पडतं, डोकं चढतं. त्याचा दोष मारावर टाकू नका. चालण्याची नोंद उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, एकाच रस्त्यावर. आणि कूलर! रात्रभर तो भोंगा चालू, एरवी आपल्याला ऐकूही येत नाही, पण मुका मार लागलेल्याला आवाज सहन होत नाही आणि झोप तुटते. झोपेचे तास वहीत नसतील तर दुसऱ्या दिवशीचा कोणताही आकडा वाचता येत नाही. कूलर खिडकीतून काढून बाहेरच्या स्टँडवर ठेवा, पंख्याचा वेग एक घर खाली आणा. इअरप्लग दिवसभर घालून बसू नका, कान आणखी हळवे होतात.

उभं राहिलं की गरगरत असेल तर पाच मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून २, ५ आणि १० मिनिटांनी. मोठ्या माणसात ३० ठोके किंवा जास्त वाढून टिकली तर तो आकडा डॉक्टरांना दाखवा. १२ ते १९ वयाच्या पोरापोरींत ही मर्यादा ४० ची.

वैतागवाडी

घ्या! आता नाडी पण. (हलकं घ्या.)

कानाचा_वैद्य

गरगरण्यावरून एक महत्त्वाचं. कुशीवर वळलं, उशीवर डोकं टेकलं, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की घर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं : असं असेल तर कानातले सूक्ष्म कण जागचे हलल्याची शक्यता जास्त. डोक्याला मार लागल्यावर हे नेहमीचंच. डॉक्टर मान ठरावीक कोनात वळवून झोपवतात, बुबुळांची हालचाल बघतात आणि एप्ली नावाच्या पद्धतीने कण परत जागेवर आणतात. बऱ्याचदा एक-दोन बैठकांत काम होतं. हे न ओळखता महिनाभर 'वरच्या फळीवरचा डबा काढणे : ३ गुण' असं लिहीत राहण्यात अर्थ नाही. मानेला दुखापत असेल तर मात्र घरी व्हिडिओ बघून मान वळवू नका.

वाचताना अक्षरं दुहेरी होत असतील तर पेनचं टोक हळूहळू नाकाकडे आणा. दोन टोकं दिसायला लागतात ते अंतर मोजा. तीनदा मोजून सरासरी. साधारण ५ सेंटिमीटरच्या बाहेरच दोन दिसत असतील तर दोन्ही डोळे जवळ वळण्यात अडचण आहे. डोळ्यांच्या तज्ज्ञाला दाखवा. जवळचा चष्मा असेल तर तो लावूनच मोजा.

शाळामास्तर

पोट्ट्यांचं राहिलंच. वर्गात सर्वांत जड जातं ते फळ्यावरून उतरवून घेणं. मान वर, मान खाली, दर ओळीला नजर लांबून जवळ. "अभ्यास होतो का?" असं विचारून उपयोग नाही. १० मिनिटांत फळ्यावरून किती ओळी उतरल्या, किती गाळल्या, हे मोजा आणि अपघाताआधीच्या वहीशी ताडून पाहा (आकडेमोडांचा मुद्दा, तारखांसकट पुरावा हाताशी असतो). घरी वाचन ५ ते १५ मिनिटांच्या तुकड्यांनी सुरू करा. ते जमलं की घरीच गृहपाठ, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. शाळा पूर्ण झाल्याशिवाय ट्यूशन नको. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. शाळा बुडते, दहावीची शिकवणी बुडत नाही. घटक चाचणीचे गुण मोजमाप म्हणून घेऊ नका. पोरगं पाठांतरावर निभावून नेतं आणि घरी येऊन चार तास झोपतं. ते चार तास लिहा.

फुटाळा_एक्सप्रेस

खेळाचं बोला ना कोणी. कसोटीत २०१९ मध्ये लॉर्ड्सला ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या जागी लाबुशेन आला होता, कन्कशनचा पहिला बदली खेळाडू. आपल्या मैदानांवर मात्र "पाणी मार तोंडावर, उभा राहा".

तर्रीबाज

अन् तो लाबुशेन मंग कितीक वर्षं टीममधून निघालाच नाही. बदली ठेवावा तं असा.

फिजिओ_सक्करदरा

अवांतर थोडक्यात आवरतो. कन्कशन तपासायची मैदानावरची स्कॅट चाचणी पहिल्या ७२ तासांत, फार तर आठवडाभर कामाची. तिसऱ्या आठवड्यात तीच करून 'पास' म्हणणं चूक. खेळात परतीच्या ६ पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी निदान २४ तासांची, आणि अंगाला अंग लागण्याचा किंवा डोक्यावर पडण्याचा धोका सुरू होण्याआधी डॉक्टरांची परवानगी. कबड्डीत ही रेघ सरळ आहे : रेडची पावलं एकट्याने मारणं वेगळं, पकड वेगळी.

याच संदर्भात दवाखान्यातली एक चाचणी सांगतो. बफेलो ट्रेडमिल टेस्ट. ताशी साधारण ५ किलोमीटरने चालायचं, दर मिनिटाला चढ १ टक्क्याने वाढवायचा, दर मिनिटाला त्रासाचे गुण आणि नाडी लिहायची. त्रास ठरलेल्या मर्यादेबाहेर वाढला की थांबायचं. ती नाडी म्हणजे सध्याची मर्यादा. तिच्या ८० ते ९० टक्क्यांवर रोज २० मिनिटं व्यायाम. समजा १४० ला त्रास वाढला, तर ११२ ते १२६. पुढच्या वेळी त्रास १५५ ला सुरू झाला तर ती आकड्यात दिसणारी सुधारणा. ही चाचणी घरी एकट्याने करू नका. आणि डोकेदुखीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी मुळातच दबलेली असते, मग हे गणित चुकतं. गोळीचं नाव आधी सांगा.

इतवारीवाला

गाडी कधी चालवायची ते कोणी सांगेना. दुकान मनीषनगरहून लांब आहे.

आकडेमोड

लोक पट्टीची चाचणी करतात. ३० सेंटिमीटरची पट्टी वरून सोडायची, चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर ०.२० सेकंद, ३० वर ०.२५. ताशी ४० च्या वेगात या फरकाने गाडी अर्धा मीटर जास्त जाते. म्हणजे फरक आहे, पण छोटा. आणि पट्टी पकडताना तुम्ही फक्त पट्टीकडे बघत असता. रस्त्यावर व्हेरायटी चौकात डावीकडून ऑटो, उजवीकडून कट मारणारा, समोर सिग्नल. पट्टीत नापास झालात तर गाडी नको. पास झालात तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

फिजिओ_सक्करदरा

+१. डॉक्टरांची हरकत नसेल तर टप्प्याने. आधी मागच्या सीटवर बसून १५ मिनिटं, धावती दुकानं बघून मळमळतं का ते पाहा. मग मेट्रो, गर्दी नसताना, खिडकीबाहेर बघत. मग उभ्या गाडीवर बसून मागची गाडी बघायला मान दोन्हीकडे झपकन दहा-दहा वेळा वळवा. गरगरलं तर तिथेच थांबा. मग कॉलनीतल्या रस्त्यावर सकाळी. रिंग रोड आणि रात्रीचे समोरून येणारे हायबीम सगळ्यात शेवटी. अपघातात आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. आतला थर्माकोल दबला की परत फुगत नाही, वरून कितीही नवं दिसो.

बर्डीची_मैना

सरकारी ओपीडीत डॉक्टरांना वेळ कमी असतो. त्यांच्यापुढे अख्खी वही ठेवणार का?

व्यवसायोपचार_ताई

एक पान, एकाच बाजूला. वर तारीख, मार कसा लागला, बेशुद्धी होती का, किती वेळाचं आठवत नाही. मधे ठरलेली कामं आणि दर आठवड्याचे गुण शेजारीशेजारी, म्हणजे चढ-उतार नजरेत भरतो. त्याखाली झोपेचे तास. आणि वेदनाशामक गोळी महिन्यात किती दिवस घेतली ते. साधी गोळी १५ किंवा जास्त दिवस, मिश्र (एकाहून जास्त औषधं असलेली) गोळी किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरची गोळी) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं, आणि त्याचा उपाय निराळा. लोक गोळ्यांची संख्या सांगतात, दिवस सांगत नाहीत.

चार आठवडे उलटूनही कामं अडत असतील तर हे पान घेऊन परत जा. मन उदास असणं, झोप नसणं, जुनी अर्धशिशी, मान, यांतलं काय अडवतंय ते वेगळं काढावं लागतं, आणि यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत.

अंबाझरीकर

भरपूर मिळालं. शेवटची अडचण : घरातली म्हातारी माणसं. '० ते १० मध्ये किती' विचारलं की आजी म्हणते, "मले काय माईत, देवाले माईत."

खसची_ताटी

आजीला आण्यात विचारा. "रुपयातले किती आणे बरं वाटते?" बारा आणे, दहा आणे, लगेच उत्तर येतं. १६ आणे म्हणजे पूर्ववत. १० च्या पट्टीवरचे २ गुण म्हणजे इथे तीन आण्यांहून थोडं जास्त, म्हणून चार आण्यांचा फरक पडला तर खरा धरा. एकेका कामाला विचारताना पाच आणे धरा. कामंही तिचीच घ्या : देवपूजा क्रमाने होते का, गोळ्या आपल्या आपण घेते का, शेजारणीशी गप्पा किती वेळ.

कानाचा_वैद्य

आण्यांची पट्टी आवडली, पण म्हाताऱ्यांच्या बाबतीत आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते जास्त बघा. आधी बारा आण्यांवर होती आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दहा, मग आठ. चालताना एका बाजूला झुकते, दिवसा झोपते, बोलणं गोंधळलेलं. हा 'सावकाश बरं होणं' नव्हे. वयस्कर माणसात मेंदूवर हळूहळू रक्त साचत जातं आणि ते आठवड्यांनी लक्षात येतं, पहिला स्कॅन नॉर्मल असला तरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी जास्त. पुढच्या सोमवारच्या नोंदीची वाट बघू नका, त्याच दिवशी परत स्कॅन.